मशीन मिळतं, रिक्षाचं भाडं मिळत नाही (संस्थेसाठी ग्रँट मागणाऱ्यांनी जरा इकडे या)

ओटल्यावरची | मंगळवार, सकाळी ६:४०

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसती वाचतेय इथे, आज लिहायला बसले कारण रात्री झोपच लागली नाही. इंदूरच्या सुदामानगरच्या मागच्या अंगाला दोन भाड्याच्या खोल्यांत आमचं केंद्र आहे. अकरा मुलं. बहुतेक सेरेब्रल पाल्सीची (मेंदूतल्या दोषामुळे हातपाय-मान नीट सावरत नाहीत), दोघं ऑटिझमवाले, आणि एक मुलगी, तिला ऐकू येत नाही आणि दिसतंही कमी. साडेनऊ ते दीड. शाळेतून रिटायर झाले आणि दोन मैत्रिणींना धरून हे सुरू केलं, सहा वर्षं झाली. सोसायटी रजिस्टर आहे, धारा २७-२८ ची माहिती (कार्यकारिणीची यादी आणि हिशेब) दरवर्षी वेळेत भरतो, १२ए (संस्थेला आयकर माफी) आहे, ८०जी (देणाऱ्याला करात सूट) आहे, सरकारच्या दर्पण पोर्टलचा नंबर आहे, कंपन्यांकडून मदत घ्यायला लागतो तो सीएसआर-१ फॉर्म पण भरून झालाय. फाईल इतकी जाड झालीये की वाऱ्याने दार आपटू नये म्हणून तीच लावून ठेवतो.

मागच्या वर्षी एका कंपनीने चार लाख दिले. आम्ही तिघी अक्षरशः नाचलो. मग कळलं की पैसे वस्तूंसाठीच, आणि वस्तूंची यादी त्यांचीच. तर घेतलं, इलेक्ट्रोथेरपीचं मशीन, चार व्हीलचेअर आणि एक ट्रेडमिल. हो, ट्रेडमिल. जी मुलं उभीच राहू शकत नाहीत त्यांच्यासाठी. यादीत होती म्हणून. फीत कापली, फोटो झाले, प्रत्येक वस्तूवर त्यांचा स्टिकर लागला.

आज काय अवस्था आहे सांगते. फिजिओ ऑगस्टमध्ये सोडून गेली, कारण तिला महिन्याला बावीस हजार देणं जमेना, तिचा काही दोष नाही, तिलाही घर आहे. मशीन आईच्या जुन्या सोलापुरी चादरीखाली झाकलंय. ट्रेडमिलच्या दांड्यावर मुलांची दप्तरं लटकतात. आणि दोन ई-रिक्षा मुलांना आणायच्या-सोडायच्या, अठरा हजार महिना, त्या दिवाळीनंतर बंद केल्या तर अकराची चार मुलं झाली. ज्यांचे बाबा स्कूटरवर आणू शकतात तेवढीच येतात.

नवा अर्ज केला दुसरीकडे. त्यात स्पष्ट लिहिलं, फिजिओचा पगार, रिक्षा, दोन दीदींचं मानधन. काल परत आला. शेरा काय तर 'रिकरिंग खर्चाला मदत देता येत नाही', दर महिन्याला होणाऱ्या खर्चाला. म्हणजे यांना चालणारं केंद्र नकोच आहे का? तुम्ही लोक काय करता? खरंच विचारतेय.

सेव_परमल | मंगळवार, सकाळी ८:०५

ताई, ट्रेडमिलवर दप्तरं वाचून हसू आलं, माफ करा. आमच्या घरी त्यावर टॉवेल वाळतात आणि आम्ही सगळे धडधाकट आहोत. पण अठरा हजारांसाठी सात पोरं घरी बसली हे वाचून पोहे घशाखाली उतरेनात. काय ते जाणकार सांगतील, मी आपला धागा वर आणतोय.

निवृत्त_खजिनदार | मंगळवार, सकाळी ९:३०

ताई, बँकेत छत्तीस वर्षं काढली आणि आता एका लहानशा न्यासाचे हिशेब बघतो, तेव्हा दोन शब्द.

आपल्याकडे पूर्वी कोणी देऊळ बांधलं की दिवाबत्तीची सोय लावून द्यायचे. पुजाऱ्याला नेमणूक (म्हणजे कायमची ठरलेली रक्कम), नंदादीपाच्या तेलाला नेमणूक, अन्नछत्र असेल तर शिध्याला नेमणूक. अहिल्याबाई होळकरांच्या खासगीतून (स्वतःच्या खाजगी उत्पन्नातून) काशी-गयेपर्यंत जो दानधर्म झाला त्यातही नुसते घाट आणि देवळं नाहीत, वर्षासनं, म्हणजे दरवर्षी द्यायच्या ठरलेल्या रकमा आहेत. बांधणाऱ्याला माहीत होतं की तेलाशिवाय समई म्हणजे पितळ. आताच्या देणाऱ्यांना समई द्यायची असते, कारण समईवर नाव कोरता येतं, तेलावर येत नाही.

असो, रडून उपयोग नाही. तुम्ही अर्जात पगार, भाडं, मानधन असं वेगवेगळं लिहिलंत ना? तिथेच घोटाळा. वाचणाऱ्याला तो संस्थेचा घरखर्च वाटतो. तुमचा महिन्याचा एकूण खर्च किती, तो आधी इथे टाका.

ओटल्यावरची | मंगळवार, सकाळी १०:१५

काका, फिजिओ २२ हजार (अर्धा दिवस), दोन दीदी १६, रिक्षा १८, खोल्यांचं भाडं ९, वीज-पाणी-नाश्ता-साबण-फिनेल सगळं मिळून ५. सत्तर हजार. आम्ही तिघी काही घेत नाही.

निवृत्त_खजिनदार | मंगळवार, सकाळी १०:४०

सत्तर भागिले अकरा, म्हणजे एका मुलामागे महिन्याला साधारण ६,३६० रुपये. महिन्याचे बावीस दिवस धरले तर दिवसाला २९० च्या आत. यात थेरपी आली, घरून आणणं-सोडणं आलं, नाश्ता आला. आता अर्जात पहिली ओळ ही लिहा: 'एका मुलाची वर्षभराची सेवा, ७६ हजार रुपये'. खाली फोड द्या. देणारा मग पगार देत नाही, एका मुलाचं वर्ष देतो. पैसे तेच.

आणि तुमच्या त्या चार लाखांत बावीस महिने रिक्षा चालली असती, हेही लिहून ठेवा, अर्जात नको, भिंतीवर.

जुनं_इंदूर | मंगळवार, दुपारी १२:२०

थोडं कडू बोलतो. देणाऱ्याने दिलं ते घ्यायचं, वर अटी कशाला? पगार द्यायला लोक का घाबरतात माहितीये? मी पाहिलंय भिया, मुलांच्या नावाने पैसा येतो आणि सेक्रेटरीच्या दारात नवी गाडी उभी राहते, बायको कोऑर्डिनेटर, मेव्हणा अकाउंटंट. वस्तू निदान दिसते तरी. पगार कुठे गेला कोणी पाहिला? आणि हे सगळं सरकारचं काम आहे, लोकांकडे का हात पसरायचे.

चिमणीची_आई | मंगळवार, दुपारी १:५०

जुनं_इंदूर काका, तुमचं पहिलं अर्धं मला पटतं, आम्हीही अशा एका ठिकाणी फसलोय. पण वस्तू दिसते म्हणता ना, तर वस्तूची गोष्ट ऐका.

माझी मुलगी सात वर्षांची, सीपी (सेरेब्रल पाल्सी) आहे, चौदा किलो. गेल्या वर्षी एका कार्यक्रमात तिला व्हीलचेअर मिळाली. स्टेजवर बोलावलं, हार घातला, तिला हार टोचला म्हणून ती रडली, तो फोटो पण छापून आला. खुर्ची मोठ्या माणसाची, अठरा इंची सीटची. ही त्यात बसली की एका बाजूला कलंडते, मी दोन्हीकडून उशा लावते, तरी दहा मिनिटांत खाली घसरते आणि मान मागे पडते. शिवाय आमच्या खोलीचं दार इतकं अरुंद की खुर्ची दुमडल्याशिवाय आत जात नाही, आणि दुमडायची तर पोरीला आधी जमिनीवर ठेवा. आता त्या खुर्चीवर गव्हाचं पोतं आहे.

फिजिओने माप घेऊन सीपी चेअर सांगितली असती, पण फिजिओ वाटपाच्या यादीत नसते ना. अपंगांची साधनं बनवणाऱ्या सरकारी एलिम्कोचं केंद्र इथे उज्जैनलाच आहे, केंद्र सरकारच्या साधनं देणाऱ्या अडीप योजनेत आधी माप घ्यायचं शिबिर होतं आणि मग वाटप, तिथून लहान मुलांची खुर्ची मिळू शकते, हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं ते एका रिक्षावाल्या दादांकडून, ज्यांचा स्वतःचा मुलगा तसा आहे.

आणि थेरपीला न्यायचं म्हणजे काय, तर गल्लीतून कडेवर घेऊन चालत मेन रोड, तिथून रिक्षा, जाऊन-येऊन अडीचशे. आठवड्यातून पाच दिवस कोण देईल? मी दोनदा नेते, मग एकदा, मग पाऊस, मग नवरात्र, मग बंद. डॉक्टर विचारतात व्यायाम का सोडला. व्यायाम नाही सोडला हो, रिक्षा सोडली.

ताई, तुमच्या केंद्रात जागा असेल तर सांगाल का? आम्ही द्वारकापुरीला राहतो.

ओटल्यावरची | मंगळवार, दुपारी २:३०

जागा आहे हो. सात जागा आहेत. रिक्षा नाही.

जुनं_इंदूर काका, आमच्या दाराशी फळा आहे, महिन्याचा जमाखर्च खडूने लिहितो, कोणीही येऊन वाचावा. गाडी नाही आमच्याकडे, मी सिटी बसने येते. या एकदा, पोहे मी करते.

पिथमपूर_शिफ्ट | मंगळवार, रात्री १०:१०

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा. कंपनी विचारू नका. सीएसआरच्या, म्हणजे कंपनीने समाजासाठी करायच्या खर्चाच्या फाईली माझ्यासमोरून जातात म्हणून आतलं सांगतो, थोडं लांबेल.

कायदा तसा सरळ आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५, एप्रिल २०१४ पासून लागू. नेटवर्थ ५०० कोटी किंवा टर्नओव्हर १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करायचे. आरोग्य, विशेष शिक्षण, अपंगांसाठी कौशल्य, हे सगळं सातव्या परिशिष्टात बसतं. मग पगाराला नाही का म्हणतात? तर नियमांत ५ टक्के प्रशासकीय खर्चाची मर्यादा आहे, आणि निम्म्या लोकांना वाटतं की ती संस्थेच्या पगारांवर आहे. तसं नाहीये! ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर खात्याच्या खर्चावर आहे, म्हणजे माझ्यासारख्यांच्या पगारावर. जानेवारी २०२१ मध्ये नियम बदलले तेव्हा व्याख्येतच लिहिलंय की प्रोजेक्टची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांचा थेट खर्च यात मोजायचा नाही. फिजिओच तुमचा प्रोजेक्ट आहे, ती ऑफिसखर्च कशी होईल? रिक्षाचंही तसंच. पुढच्या वेळी कोणी ५ टक्के म्हणालं तर नम्रपणे हे दाखवा.

खरं कारण वेगळं आहे. मशीनचं एक बिल असतं, एक फोटो असतो, ऑडिटर दोन मिनिटांत टिक करतो. पगाराची बारा बिलं, बारा हजेऱ्या, बारा बँक एंट्र्या. आळस आहे साहेब, द्वेष नाही. आणि फेब्रुवारी-मार्चला जे पैसे उरतात ते ३१ तारखेच्या आत संपवायचे असतात, तेव्हा वस्तूच घेतल्या जातात. तुमची ट्रेडमिल मी पैजेवर सांगतो, मार्चची आहे.

ओटल्यावरची | मंगळवार, रात्री १०:२२

२६ मार्च. तुम्हाला कसं कळलं!

पिथमपूर_शिफ्ट | मंगळवार, रात्री १०:३५

कारण मीही घेतल्यात अशा ट्रेडमिली. पाप कबूल.

तर उपाय. एक, मार्चमध्ये दारात जाऊ नका. बोर्ड वर्षाचा आराखडा मंजूर करतं त्याच्या आधी किंवा निदान पावसाळ्यापर्यंत अर्ज जायला हवा. दुसरं, 'ऑनगोइंग प्रोजेक्ट' हा शब्द वापरा. ज्या वर्षी काम सुरू झालं ते सोडून पुढची तीन वर्षं असा प्रोजेक्ट चालवता येतो, मंजूर झालेले पण न खर्चलेले पैसे कंपनीने वर्ष संपल्यावर तीस दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायचे असतात, म्हणजे ३१ मार्चची धावपळ नाही. लहान संस्था हा शब्दच लिहीत नाहीत, एक वर्षाचं मागतात आणि दरवर्षी परत रांगेत.

आणि एक अडचण, त्याला इलाज कमी आहे. आमचे कारखाने पिथमपूरला, आणि पिथमपूर धार जिल्ह्यात. कंपन्यांना आपल्या आसपासच्या गावांना प्राधान्य द्यायचं असतं, इंदूरच्या वस्तीचं नाव काढलं की साहेब म्हणतात आपलं गाव कुठे आहे यात. मंत्रालयाने स्पष्ट केलंय की स्थानिक भागाचं प्राधान्य हे दिशादर्शक आहे, सक्तीचं नाही, पण सरपंच गेटवर येतो, मंत्रालय येत नाही. तेव्हा तुमच्या अकरापैकी एखाद्या मुलाचे वडील पिथमपूरला कामाला असतील तर ते अर्जात पहिल्या पानावर लिहा. गंमत नाही करत.

फिजिओ_ताई | बुधवार, सकाळी ७:००

इथे माझ्या जातभाईंची बाजू पण येऊ दे. सरकारी शिबिरं, प्रायव्हेट क्लिनिक, संस्था, सगळीकडे काम केलंय. संस्थेत पैसे कमी मिळतात हे माहीत असूनच जातो. पण ग्रँट अकरा महिन्यांची, मग तीन महिने 'पुढचं बघू', हे नाही जमत. सीपीच्या मुलाचं काम वर्षांत मोजतात. मी एका मुलाला बसायला शिकवलं, हात टेकून, चौदा महिने लागले. ग्रँट संपली, मी गेले, दुसरी आली तिने परत पहिल्यापासून. सहा महिन्यांनी पाहिलं तर गुडघे आखडलेले.

आणि ओटल्यावरची ताई, राग मानू नका, पण ते मशीन चादरीखाली आहे ते तिथेच राहू द्या. तुमच्या मुलांना चटई, रोलर, मोठा बॉल, आरसा आणि रोज येणारा माणूस पुरे आहे. आरसा नक्की लावा, मुलं स्वतःला बघून डोकं वर उचलतात.

मल्लखांब_दादा | बुधवार, सकाळी ९:१५

आमची गोष्ट पण हीच, फक्त पोरं वेगळी. संध्याकाळी ग्राउंडवर मल्लखांब घेतो, वस्तीतली तीस-पस्तीस पोरं-पोरी. २०१३ पासून मल्लखांब आपल्या मध्य प्रदेशाचा राज्य खेळ आहे, भाषणात सगळे सांगतात. ग्रँट कशाला मिळाली, तर टी-शर्टला. दोनदा. छातीवर एकाचं नाव, पाठीवर दुसऱ्याचं. मॅट मिळाल्या त्याचं मात्र चांगलं झालं, पूर्वी वाळूत पडायचो. पण कोच, जो स्वतः याच खांबावर शिकला, तो मानधन नाही म्हणून आता घरोघर पार्सल टाकतो, रविवारी येतो, रविवारची पोरं टिकत नाहीत.

तरुणांसाठी म्हणून जे पैसे निघतात ते सगळे एक दिवसाच्या शिबिराचे. व्यक्तिमत्त्व विकास, समोसा, सर्टिफिकेट. चौदा-पंधराचा पोरगा शाळा सोडून दिवसभर पानाच्या टपरीवर बसतो त्याला रोज संध्याकाळी सहाला जायला एक जागा आणि हाक मारणारा एक माणूस पाहिजे. हे प्रपोजलमध्ये कसं लिहायचं सांगा कोणीतरी. 'हाक मारणारा माणूस, नग एक'?

सेव_परमल | बुधवार, सकाळी ९:२०

नग एक, जीएसटी वेगळा.

वॉर्डातली_नर्स | बुधवार, दुपारी ३:४०

आरोग्यात तर विचारूच नका. दर महिन्याला कोणाचं तरी शुगर-बीपी शिबिर. मंडप, बॅनर, चारशे लोक तपासले. बरं, पन्नास-साठ लोकांची शुगर वाढलेली निघाली, त्यांना चिठ्ठी दिली. पुढे? पुढच्या महिन्यात दुसऱ्या क्लबचं शिबिर, तीच माणसं परत रांगेत, परत तीच शुगर, परत चिठ्ठी. एका आजींकडे अशा सात चिठ्ठ्या आहेत, पिशवीत घडी करून ठेवल्यात, जणू प्रसादाच्या पुड्या. गोळी एकही सुरू नाही!

सरकारच्या संजीवनी क्लिनिकमध्ये गोळ्या फुकट आहेत. आजींना तिथे नेऊन बसवणारी, आणि महिन्याने 'घेता का गोळी' विचारणारी एक बाई लागते. सहा महिने. बस. एका शिबिराच्या मंडपात आणि जेवणात तिचे सहा महिने निघतील. मी एका क्लबला हे सांगितलं तर म्हणाले, मग आम्ही दिसणार कुठे?

लहान देणगीदारांना माझं एक सांगणं. टीबीच्या पेशंटसाठी निक्षय मित्र होता येतं, सप्टेंबर २०२२ पासून सुरू आहे, किमान सहा महिने दर महिन्याला पोषणाची टोपली. मला हे आवडतं कारण सहा महिने म्हणजे सहा महिने, फोटो काढून पळता येत नाही. (पळतात काही जण, पण कमी.)

बॅलन्सशीट_भाऊ | बुधवार, रात्री ९:००

सीए फर्ममध्ये आहे, रोज हेच करतो म्हणून दोन-चार गोष्टी.

घरगुती देणगीदार आटले असतील तर त्याचं एक कारण नवीन टॅक्स रिजीम. त्यात ८०जी ची सूट नाही. मार्च आला की पावती मागणारे काका-काकू कमी झाले ते यामुळे, तुमच्यावर राग नाही कोणाचा. रोख दोन हजारांच्या वर घेतली तर जुन्या रिजीमवाल्यालाही सूट नाही, तेव्हा यूपीआय घ्या. १०बीडी, म्हणजे कोणी किती दिलं त्याचा वर्षाचा तपशील, ३१ मेच्या आत भरा, उशिराला दिवसाला दोनशे रुपये, एका क्लायंटने चार महिने लावले, हिशेब तुम्हीच करा. आणि प्रोव्हिजनल १२ए तीन वर्षांचंच असतं, ते संपायच्या निदान सहा महिने आधी, किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, जे आधी येईल तेव्हा पक्क्यासाठी अर्ज करायचा, लोक नेमके विसरतात आणि मग माझ्या फोनवर रविवारी रडतात.

बडोदेकर_आता_इंदुरात | बुधवार, रात्री ९:४०

भाऊ, एक विचारतो. माझा भाचा न्यू जर्सीत आहे, तो ताईंच्या केंद्राला दरमहा पाठवायला तयार आहे. सरळ खात्यात टाकू शकतो ना? आणि आमच्या क्लबात रोटरीच्या ग्लोबल ग्रँटचं पण बोलणं चालू असतं, ते इथे जमेल का?

बॅलन्सशीट_भाऊ | बुधवार, रात्री १०:०५

भाच्याचा पासपोर्ट अजून भारताचा असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती विदेशी देणगी धरत नाहीत, चालेल. अमेरिकन नागरिक झाला असेल तर ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळतं ते) असूनही तो परदेशी स्रोत, मग संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी पाहिजे. ताईंकडे नाही. तेव्हा आधी पासपोर्ट विचारा मग खाते नंबर द्या, उलटं करू नका. आणि एफसीआरए असलेल्या दुसऱ्या संस्थेच्या खात्यातून फिरवून घ्यायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, २०२० पासून तसं पुढे देणं बंद आहे.

ग्लोबल ग्रँट कमीत कमी ३० हजार डॉलरच्या बजेटची असते, परदेशातला क्लब भागीदार लागतो. ताईंचं अख्खं वर्ष आठ लाख चाळीस हजारात होतं. त्यांना ते झेपायचं नाही, हत्ती दारात बांधल्यासारखं. क्लबाची डिस्ट्रिक्ट ग्रँट लहान असते, ती बघा. पण एक गोष्ट त्यांची शिकण्यासारखी आहे, ग्लोबल ग्रँटला आधी वस्तीत जाऊन गरज काय ते लिहून काढावं लागतं, यादी वरून येत नाही.

चिमणीची_आई | गुरुवार, सकाळी ११:००

ज्यांची मुलं अशी आहेत त्यांच्यासाठी, मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून लिहिते. सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे. ऑटिझम, सीपी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांग, एवढ्यांसाठीच. वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात ओपीडी आणि थेरपीचा खर्चही धरतात, आधीपासूनचं आहे म्हणून नाही म्हणत नाहीत. पैसे आधी आपण भरायचे, मग बिलं लावायची, म्हणून प्रत्येक पावती जपा, रिसीट बुकची लहान चिठ्ठी पण. अपंगत्वाचा दाखला हवा. यूडीआयडी कार्डाला (अपंगत्वाचं ओळखपत्र) जाताना मध्य प्रदेश सरकारचा समग्र आयडी आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का बघून जा, आमच्या 'चिमणी'च्या नावात एक मात्रा जास्त होती, तीन चकरा त्या मात्रेच्या.

जुनं_इंदूर | शनिवार, संध्याकाळी ५:३०

गेलो होतो आज. न सांगता गेलो. फळा वाचला. फेब्रुवारीच्या खर्चात फिनेल ११० रुपये आणि 'उधार चहा ४०' असंही लिहिलंय. पोहे खाल्ले, शेव जरा कमी होती.

एक पोरगा आहे तिथे, नऊ-दहाचा, बोलत नाही. मी खुर्चीवर बसलो तर माझ्या घड्याळाचा पट्टा धरला आणि सोडेना, पाऊण तास. दीदी म्हणाली त्याला टिकटिक हातावर लागते. घड्याळ तिथेच ठेवून आलो. बाकी माझं मत तसंच आहे, सरकारने करायला पाहिजे. पण रिक्षाच्या एका महिन्याचे नऊ हजार, एका रिक्षाचे, मी देतो. चेकने. पावती नको, नवीन रिजीममध्ये आहे.

निवृत्त_खजिनदार | शनिवार, संध्याकाळी ६:१०

पावती घ्या. सूट नसली तरी पावती घ्यायची असते.

आणि सरकारचं म्हणाल तर अपंग पुनर्वसनाची दीनदयाळ योजना आहे, त्यात शिक्षक-थेरपिस्टचं मानधन धरतात, खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान असतं. पण जिल्हा, मग राज्य, मग दिल्ली अशी शिफारस, आणि आधी खर्च करून वाट पाहायची ताकद पाहिजे. ताईंनी अर्ज टाकून ठेवावा आणि विसरून जावं, आला तर आला.

व्यवस्थापक | शनिवार, संध्याकाळी ७:००

धाग्यावर खाते क्रमांक, क्यूआर कोड टाकू नयेत, मुलांची खरी नावं आणि फोटोही नकोत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बाकी चालू द्या.

ओटल्यावरची | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:५०

एवढे दिवस लिहिलं नाही कारण खरंच वेळ नव्हता. काय झालं ते सांगते.

खजिनदार काकांनी सांगितल्यासारखा अर्ज परत लिहिला, 'एका मुलाचं वर्ष'. पिथमपूर_शिफ्ट, तुमच्या सल्ल्याने पालकांना विचारलं, दोघांचे बाबा खरंच तिकडे शिफ्टला जातात! तो कागद पहिल्या पानावर. एका दुसऱ्याच कंपनीतून एक मुलगी पाहणीला आली, पंचविशीची असेल. मी तिला केंद्र दाखवायच्या आधी म्हटलं, तुम्ही रिक्षात चला. त्या दिवसापुरती एक रिक्षा केली होती, जुनं_इंदूर काकांच्या पैशातली. साडेआठला निघालो, तिसऱ्या घरी पोचेपर्यंत ती गप्प झाली. तिथे मुलाला आजी पाटीत बसवून गल्लीबाहेर आणते, भाजीच्या पाटीत, खाली गोधडी घालून. तिने फोटो काढला नाही, वहीत काहीतरी लिहिलं.

सगळं नाही मिळालं. दोन्ही रिक्षा आणि फिजिओचा निम्मा पगार, एका वर्षासाठी, ऑनगोइंग म्हणून लिहायला तयार नाही झाले. दीदींचं मानधन आमच्याच गळ्यात. इथल्या नऊ जणांनी दरमहा पाचशे ते हजार असं लावून दिलंय, काका त्याला नेमणूक म्हणतात, मी वहीत तसंच शीर्षक घातलंय. जुनी फिजिओ यायला तयार नाही, नवीन मिळालीये, शिकाऊ आहे पण हात चांगला आहे. फिजिओ_ताईंनी शनिवारी येऊन तिला बघते म्हटलंय. आरसा लावला. मल्लखांब_दादांकडची दोन मुलं रिक्षात मदतीला येतात, दोघंही अठराच्या वरची, पोलीस व्हेरिफिकेशनचे फॉर्म दिलेत, त्यांना दिवसाचे शंभर रुपये देतो, फुकट नाही.

ट्रेडमिल आहे तिथेच आहे. दुसऱ्या कोणाला देऊ का म्हणून ज्यांनी दिली त्यांना विचारलंय, पत्राचं उत्तर नाही. दप्तरं आता अकरा झाली त्यामुळे दांडा पुरत नाही, खिळे मारावे लागतील.

चिमणीची_आई, रिक्षा उद्या तुमच्याकडे पहिली येईल. तुमच्या गल्लीत आत वळत नाही हो, मी स्वतः येऊन बघून गेले, तेव्हा आठ चाळीसला कोपऱ्यावरच्या गिरणीशी उभ्या राहा. ती अठरा इंची खुर्ची आणू नका, गहू राहू द्या त्यावर. उशा मात्र दोन्ही आणा.